ट्रेलर ओढणाऱ्या मालमोटारीचा मागचा आंस : दांत्यांचें प्रमाण कसें ठरवावें?

मालमोटार विकत घेतांना आमचा शेतकरी काय काय पाहतो? इंजिन किती अश्वशक्तीचें, टायर किती, लिटरला किती किलोमीटर जाते, महिन्याचा हप्ता किती. रंगसुद्धां पाहतो, केबिनच्या माथ्यावर ग्रामदेवतेचें नांव कोणत्या अक्षरांत लिहावयाचें तेंही ठरवितो. परंतु जी एक गोष्ट त्या गाडीचा पुढील दहा-बारा वर्षांचा स्वभाव ठरविणार, ती मागच्या आंसाच्या लोखंडी पोटांत तेलांत बुडून बसलेली असते, आणि तिच्याविषयीं बहुधा कोणी चकार शब्द विचारीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे क्राउन आणि पिनियन या दोन दंतचक्रांच्या दांत्यांचें परस्परांशीं प्रमाण. हें प्रमाण चुकलें म्हणजे काय होतें, तें आम्हीं अगदीं जवळून पाहिलें आहे, व म्हणूनच हा विषय या अंकांत घेतला आहे.

आमच्या परिचयाचा सातारा जिल्ह्यांतील एक शेतकरी गट आहे. अकरा घरें एकत्र आलीं, जमिनी तारण ठेवून कर्ज काढलें, आणि ट्रेलर ओढणारी एक मालमोटार घेतली. बेत असा कीं, कांदा व आलें आपल्याच गाडीनें वाशीच्या बाजारांत न्यावें, आणि परत येतांना कोकणपट्टींतून खताचीं पोतीं भरून आणावीं. दोन्ही वाटांनीं भाडें. बेत चांगला होता. गाडीही चांगली होती. सपाट रस्त्यावर ती आल्हाद वाटावा अशी धांवे. पण पहिल्याच वर्षांत तिचा क्लच तीन वेळां जळला. तिन्ही वेळां गाडी खत भरून बोरघाट चढत होती, आणि तिन्ही वेळां घाटांत वाहनांची रांग तुंबून ती चढावर उभी राहिली होती. गटांतील मंडळींनीं चालकाला दोष दिला. पहिला चालक काढला, दुसरा ठेवला. त्याच्याही हातून तेंच घडलें तेव्हां त्यालाही काढलें. तिसऱ्या वेळीं गाडी ज्या मिस्त्रीकडे गेली, त्यानें खालीं वांकून पाहिलें, खडूनें दोन खुणा केल्या, चाक हातानें फिरविलें आणि म्हणाला, "अण्णा, क्लचला कशाला दोष देताय? दुखणं पाठीमागं हाय."

मिस्त्रीचें म्हणणें खरें होतें. तें खरें कां होतें, हें हिशेबानें समजून घेण्यासारखें आहे. वाचकांनीं थोडा धीर धरावा. हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडचा नाहीं.

इंजिनांत निघालेला जोर गिअरबॉक्समधून एका लांब दांड्यानें मागें येतो. त्या दांड्याच्या टोकाला लहान दंतचक्र असतें, तें पिनियन. त्याच्याशीं काटकोनांत जुळलेलें मोठें दंतचक्र, तें क्राउन. तें आंस फिरवितें व आंस चाकें फिरवितो. पिनियनला ७ दांते व क्राउनला ४१ दांते असतील, तर दांड्याचे ५.८६ फेरे होतील तेव्हां चाकाचा एक फेरा होईल. ८ व ३९ अशी जोडी असेल तर ४.८८ फेरे, ९ व ३७ असेल तर ४.११ फेरे. आंकडा मोठा, तर चाक हळू फिरतें पण जोरानें फिरतें. आंकडा लहान, तर चाक लवकर फिरतें पण त्याचा जोर कमी. येथें पुष्कळांची गफलत होते. मोठा आंकडा म्हणजे वेगवान गाडी, असा समज करून घेणारे लोक आम्हांस भेटले आहेत. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

शेतांत रुतलेला धोंडा हातानें हालत नाहीं. तोच हात पहार घेतो आणि धोंडा उलथतो. परंतु पहारेचें टोक हातभर खालीं दाबावें तेव्हां धोंडा चार बोटें वर येतो. आंसाचें प्रमाण म्हणजे ही पहार होय. पहार लांब घेतली म्हणून माणसाच्या अंगांतील ताकद वाढत नाहीं. तिचा उपयोग करण्याची रीति तेवढी बदलते. आमच्याकडे खिलारी जोडी चालीसाठीं व डांगी जोडी डोंगरांतील जड कामासाठीं घेतात, तसाच हा प्रकार, असें कोणी म्हणेल. पण ती उपमा पुरती लागू पडत नाहीं, कारण येथें बैल तोच राहतो, फक्त जूं बदलतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे एक मोठा भ्रम दूर होतो. समजा, गाडी, ट्रेलर व माल मिळून ४० टन वजन आहे आणि इंजिन २५० अश्वशक्तीचें आहे. घाटाचा चढ शंभरास सात, म्हणजे शंभर मीटर चाललें तर सात मीटर वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणें डोंगराळ मुलखांतील रस्त्यांस साधारणतः शंभरास ५ ते ६ चढ असावा, ६ ते ७ ही मर्यादा, आणि अगदीं अपवाद म्हणून ७ ते ८. तेव्हां सातांचा हिशेब धरणें सावधपणाचें होईल. ४० टनांच्या सात टक्के म्हणजे २८०० किलो. शिवाय डांबरी रस्त्यावर चाकें लोटण्यास टनामागें सुमारें १० किलो, म्हणजे ४०० किलो. एकूण ३२०० किलोंची ओढ चाकांच्या कडेला पाहिजे. २५० अश्वशक्तींतून दंतचक्रांच्या घर्षणाची तूट वजा जातां ही ओढ ताशीं १८ किलोमीटरच्या गतीनेंच टिकवितां येते. मागचें प्रमाण ४.११ ठेवा कीं ५.८६ ठेवा, ही गति बदलत नाहीं! एका गाडींत चालक ती दुसऱ्या गिअरमध्यें गांठील, दुसरींत तिसऱ्यांत, एवढाच काय तो फरक. चालत्या गाडीचें घाट चढणें हें इंजिनाच्या अश्वशक्तीचें काम आहे, आंसाचें नव्हे.

मग आंसाचें काम कोठें? गाडी थांबली असतां तिला पुन्हां हालविण्यांत.

येथेंच आमच्या गटाची गाडी फसली होती. इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असतें तेव्हांच तें आपला पूर्ण पीळ देतें. या पिळास माहितीपत्रकांत टॉर्क म्हणतात. आपल्या उदाहरणांतील इंजिनाचा टॉर्क ९५० न्यूटन-मीटर धरूं. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ९७ किलोंचें ओझें टांगल्याइतका पीळ. पण गाडी जागची हालवितांना इंजिन मंद चाललेलें असतें आणि चालक क्लच हळूहळू सोडीत असतो. त्या क्षणीं त्याच्याकडून साधारण अर्ध्या पिळाचीच अपेक्षा करतां येते, म्हणजे सुमारें ४८ किलो. पहिला गिअर ९ पट, टायराची त्रिज्या अर्धा मीटर, आणि वाटेंतील तूट शंभरास १५ धरली, तर हिशेब असा पडतो. मागें ४.११ चें प्रमाण असेल तर चाकांच्या कडेला सुमारें ३०५० किलोंची ओढ मिळते. पाहिजे होती ३२०० किलो. गाडी हालत नाहीं. मग चालक काय करतो? इंजिनाचे फेरे वाढवितो आणि क्लच अर्धवट धरून ठेवतो. क्लचच्या थाळ्या एकमेकींवर घांसतात, धूर निघतो, जळका वास सुटतो, आणि गाडी कशीबशी पुढें सरकते. रांगेंत असें दहा वेळां करावें लागलें म्हणजे क्लच संपला. यांत चालकाचा काय अपराध? त्याच्या जागीं कोणीही असता तरी दुसरें काय करूं शकला असता, हें आम्हांस समजत नाहीं.

तीच गाडी, तेंच इंजिन, तेंच वजन. परंतु मागें ८-३९, म्हणजे ४.८८ चें प्रमाण घातलें तर मंद इंजिनावरही ३६०० किलोंची ओढ मिळते. पाहिजे त्यापेक्षां चारशें किलो जास्त. गाडी चढावर उभी राहिली तरी क्लच सुटतांच मुकाट्यानें निघते. ७-४१ घातलें तर ४३०० किलोंवर ओढ मिळते.

कोणी म्हणेल, मग ७-४१ च कां घेऊं नये? अधिक जोर तो अधिक बरा. असें नाहीं, आणि याचीं दोन कारणें आहेत. पहिलें रस्त्यावरच्या फेऱ्यांचें. अर्ध्या मीटर त्रिज्येचें ओझ्याखालचें चाक एका फेऱ्यांत सुमारें ३.२ मीटर जातें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जावयाचें तर चाकाचे मिनिटास ३१२ फेरे होतात. शेवटचा गिअर सरळ, एकास एक असेल, तर ४.११ च्या गाडींत इंजिनाचे १२८०, ४.८८ च्या गाडींत १५२०, आणि ५.८६ च्या गाडींत १८३० फेरे होतात. आजचीं टर्बो इंजिनें मिनिटास सुमारें १००० ते १७०० फेऱ्यांत आपला पूर्ण पीळ देतात व त्याच पट्ट्यांत डिझेल काटकसरीनें खातात. त्याच्यावर नेऊन रात्रंदिवस चालविलें तर तें गाणें कानाला नकोसें होतें आणि खिशालाही. ताशीं ८० वर, जेथें आतां मालवाहू गाड्यांचा वेगनियंत्रक त्यांना अडवितो, तेथें ५.८६ च्या गाडीचें इंजिन २४४० फेऱ्यांवर किंचाळत असेल. कित्येक इंजिनें तेथवर जाऊंच देत नाहींत.

दुसरें कारण आमचे लोक नेहमीं विसरतात, तें म्हणजे चाकाची पकड. दांत्यांनीं जोर कितीही वाढविला तरी जमीन जेवढा घेईल तेवढाच तो कामाला येतो. ओढणाऱ्या एका आंसावर कायद्यानें ११.५ टन वजन धरलें, तर कोरड्या डांबरावर त्याच्या सुमारें सहा दशांश, म्हणजे सात टनांपर्यंत ओढ चाकें घसरल्यावांचून मिळते. ५.८६ च्या गाडींत पहिल्या गिअरवर पूर्ण पीळ दिला तर ८७०० किलोंची ओढ निघते. तींतील दीड टनाहून अधिक जोर नुसतें रबर जाळण्यास जातो. आणि ओल्या काळ्या जमिनींत? तेथें पकड पाव भागावर येते, म्हणजे तीन टनांच्याही आंत. मऊ रानांत ४० टनांची गाडी लोटण्यास टनामागें शंभर किलो धरले तरी ४००० किलो पाहिजेत. म्हणजे हा व्यवहार कोणत्याही दांत्यांनीं जमावयाचा नाहीं. पाऊस होऊन गेलेल्या शिवारांत ट्रेलर घालून तो रुतल्यावर "गाडींत दम नाहीं" म्हणणारांस आमचें सांगणें इतकेंच कीं, दम गाडींत आहे, जमिनींत नाहीं. माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून पाणंदीच्या तोंडाशीं पक्क्या मुरमावर आणावा आणि तेथें ट्रेलर भरावा. मजुरी दोनदां पडते हें खरें. परंतु रुतलेला ट्रेलर काढण्यास दुसरें यंत्र बोलवावें लागतें तेव्हां किती पडते, तें ज्यानें दिलें आहे त्याला विचारावें.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९१७ सालीं टीटी नांवाची एक टनाची मालमोटार काढली, तेव्हांच ती मागच्या आंसाचीं दोन प्रमाणें देऊं करीत होती : नेहमींचें ७.२५ व जलद चालीसाठीं ५.१७. शेतकऱ्याला लगेच निवड करावी लागे. पुढें त्या देशांत शेतकऱ्यांच्या मालमोटारींतून दोन गतींचे आंस पुष्कळ वापरांत आले. बटण दाबलें कीं आंसाचें प्रमाण बदले, शेतांतून निघतांना एक आणि हमरस्त्यावर दुसरें. आजही तेथील पशुपालक मोठा ट्रेलर ओढणारी पिकअप गाडी घेतांना ३.७३ घ्यावें कीं ४.१० घ्यावें यावर खल करीत बसतात. २०१९ च्या रॅम ३५०० या गाडीला ३५,१०० पौंड ओढण्याची जी कमाल क्षमता कंपनीनें जाहीर केली, ती सरसकट सर्व गाड्यांस नव्हती. तिच्यासाठीं मागचीं चाकें जोडीचीं आणि आंस ४.१० चाच पाहिजे होता. जाहिरातींतील मोठा आंकडा आणि आपल्या दारांतील गाडी यांत असें अंतर पडतें.

आपल्याकडे या बाबतींत आणखी एक गोंधळ आहे. जुन्या गाड्यांचीं इंजिनें दोन हजार फेऱ्यांच्या पुढें बोलूं लागत, म्हणून त्यांना ६-४१ म्हणजे ६.८३ सारखीं प्रमाणें शोभत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचीं इंजिनें सक्तीचीं झालीं. हीं नवीं इंजिनें कमी फेऱ्यांतच भरपूर पीळ देतात, म्हणून कारखान्यांनींही मागचीं प्रमाणें उतरविलीं. हें योग्यच आहे. परंतु याच सुमारास ओझेंही वाढलें. जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें आंसांवरील वजनाच्या मर्यादा वाढविल्या. तीन आंसांची २५ टनांची गाडी २८.५ टनांची झाली, आणि ४९ टनांची कमाल मर्यादा ५५ टनांवर गेली. बापाच्या गाडीला जें प्रमाण चाललें तें मुलाच्या गाडीला चालेलच असें नाहीं. आणि शेजाऱ्याच्या गाडीला चाललें म्हणून आपल्या गाडीला चालेल, असें तर मुळींच नाहीं.

नुसत्या आंसाचा आंकडा पाहूनही भागत नाहीं. गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर सरळ आहे कीं ओव्हरड्राइव्हचा, तें पाहावें लागतें. शेवटचा गिअर ०.७५ चा असेल तर मागें ५.८६ असूनही रस्त्यावर ती गाडी ४.४० च्या गाडीसारखी चालते, म्हणजे ताशीं ६० ला सुमारें १३७० फेरे. चढावर उभी राहिल्यावर मात्र पहिल्या गिअरमध्यें ५.८६ चा जोर तिच्यापाशीं शाबूत असतो. खालचा गिअर पुरेसा खोल आणि वरचा पुरेसा उंच असलेला गिअरबॉक्स मिळत असेल, तर आंसाची निवड पुष्कळ सोपी होते. आमच्या मतें चार पैसे अधिक पडले तरी ते तेथें घालावेत. टायराचेंही तसेंच. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या जागीं ४७ सेंटिमीटर त्रिज्येचा टायर चढविला, तर गाडी शंभरास सहा इतकी अधिक ओढते व तितकीच हळू जाते. कांहीं मोठ्या टिपर गाड्यांत चाकाच्या तुंब्यांतच दंतचक्रांचा आणखी एक जोड असतो. तेथें दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करावा लागतो. नुसत्या क्राउनचे दांते मोजून फसूं नये.

आतां डिझेलाविषयीं, कारण विक्रेता तोच मुद्दा पुढें करतो. आमच्या गटाला ४.११ ची गाडी विकणाऱ्यानें "ही लिटरमागें जास्त जाते" असें सांगितलें होतें, आणि आम्ही कबूल करतों कीं तो खोटें बोलला नव्हता. वर्षाला ६०,००० किलोमीटर धरा. एक गाडी लिटरला ३.२ किलोमीटर व दुसरी ३.५ किलोमीटर गेली असें माना. पहिलीला १८,७५० लिटर लागेल, दुसरीला १७,१४० च्या आसपास. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला जवळजवळ १,४५,००० रुपयांचा फरक पडतो. ही रक्कम थोडी नव्हे. कर्ज काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत ती भरणारच. जो शेतकरी सोयाबीन भरून सपाट रस्त्यानें मराठवाड्यांतून नागपूरकडे जातो, त्यानें हिशेब करून कमी आंकड्याचाच आंस घ्यावा. त्याला चढावरच्या जोराचें ओझें वर्षभर वाहण्याचें कारण नाहीं. पण ज्याला भरल्या गाडीनिशीं बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी चढून घरीं यावयाचें आहे, त्याच्या अडीचशें किलोमीटरांच्या वाटेंत खरा चढ वीस-पंचवीस किलोमीटरांचाच असला, तरी गाडी मोडावयाची ती तेथेंच. क्लचची किंमत, गाडी ओढून खालीं आणण्याचें भाडें, आठ दिवस बुडालेलें उत्पन्न, आणि घाटांत उन्हांत सडलेलें आलें, हें सारें त्या दीड लाखाच्या बचतींतून वजा करावयाचें असतें. विक्रेत्याच्या कागदावर ही वजाबाकी नसते. ती आपण करावयाची.

उताराचा विचारही याच हिशेबांत येतो, आणि तो क्लचच्या विचाराहून गंभीर आहे. ४० टनांची गाडी शंभरास सातच्या उतारावर येते, तेव्हां तिला खालीं लोटणारा जोर २४०० किलोंच्या घरांत असतो. तो सगळा ब्रेकवर सोडला तर ब्रेकचीं अस्तरें तापून त्यांची पकडच जाते. म्हणून उताराचें ओझें इंजिनावर व एक्झॉस्ट ब्रेकवर घ्यावयाचें असतें. इंजिनाचा हा आवर चाकांपर्यंत पोंचतो तोही त्याच दांत्यांतून. मागचा आंकडा मोठा, तर आवरही मोठा. ४.११ ची गाडी असेल तर ज्या गिअरमध्यें घाट चढली त्याहूनही एखादा गिअर खालीं घालून उतरावी लागते, आणि तो गिअर उताराच्या आधींच घालावा लागतो. मध्यें घालतां येत नाहीं. कांहीं चालक डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकून उतार उतरतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांचे जे अपघात वरचेवर होतात, त्यांच्या कारणांत ही संवय पुनःपुन्हां निघते. ज्या गटानें गाडी घेतली त्यानें चालकाला "डिझेल किती वांचविलेंस?" एवढाच प्रश्न विचारण्याची संवय सोडावी. प्रश्नावरून उत्तर ठरतें.

आमचा आग्रह असा कीं, गाडी ठरविण्यापूर्वीं गटानें एक दिवस काढून आपल्या वाटेवरचें अत्यंत कठीण ठिकाण शोधावें. घाटांतील रांग थांबते ती जागा असो, साखर कारखान्याच्या वजनकांट्याकडे जाणारा उंचवटा असो, कीं गांवच्या ओढ्यावरचा चढ असो. तेथें भरलेली गाडी उभी राहिली तर मंद इंजिनावर निघेल काय, हा हिशेब वर सांगितल्याप्रमाणें मांडावा. टॉर्क, पहिला गिअर, आंसाचें प्रमाण, टायराची त्रिज्या हे चार आंकडे माहितीपत्रकांत असतात. तेथें उत्तीर्ण होणाऱ्या प्रमाणांपैकीं जें सर्वांत लहान असेल, तें घ्यावें. मग ताशीं ६० ला फेरे किती होतात तें पाहावें. दोन्ही जमत नसेल तर आंसाशीं भांडत न बसतां गिअरबॉक्स किंवा गाडीच दुसरी पाहावी.

गाडी घेतल्यावर प्रमाण बदलतां येत नाहीं असें नाहीं, पण तें स्वस्तांतलें काम नव्हे. क्राउन व पिनियन कारखान्यांत जोडीनें घांसून जुळविलेले असतात, म्हणून जोडीच बदलावी लागते; एकाचें क्राउन व दुसऱ्याचें पिनियन असा संसार टिकत नाहीं, आंस गुणगुणूं लागतो आणि वर्षाच्या आंत दांते झडतात. ओढणारे आंस दोन असतील तर दोन्हींच्या जोड्या एकदम बदलल्या पाहिजेत; एकांत ४.११ व दुसऱ्यांत ४.८८ ठेवून कोणी गाडी चालविलीच, तर दोन्ही आंस एकमेकांशीं झगडून मोडतील. नव्या गाडींत गति मोजणाऱ्या यंत्रणेला नवा आंकडा शिकवावा लागतो, नाहीं तर वेगाचा कांटा व वेगनियंत्रक दोन्ही खोटें बोलूं लागतात. हमीची मुदत चालू असेल तर कंपनीच्या लेखी संमतीवांचून आंस उघडूं नये.

आमच्या गटानें शेवटीं तेंच केलें. कंपनीच्याच कार्यशाळेंत त्याच गाडीसाठीं मिळणारी ८-३९ ची जोडी बसवून घेतली. खर्च ऐकून दोन घरें बाहेर पडावयास निघालीं होतीं, त्यांची समजूत घालावी लागली. त्यानंतरच्या हंगामांत आम्ही स्वतः त्या गाडींतून खोपोलीपासून वर आलों. घाटांत रांग थांबली, तशी गाडीही थांबली. मागें खताचीं साडेपांचशें पोतीं. स्टिअरिंगवर पूर्वीं काढून टाकलेल्या दोघांपैकीं पहिला चालकच होता. गटाच्या मंडळींनीं त्याच्या घरीं जाऊन त्याला परत आणलें होतें. रांग हालली तेव्हां त्यानें क्लच सोडला, गाडी थोडी दबली आणि निघाली. वास आला नाहीं. डिझेल पूर्वीपेक्षां थोडें अधिक जातें, हें त्यानें न विचारतां सांगितलें.

जुनी गाडी घेणारांसाठीं मिस्त्रीच्या खडूची रीति येथें देतों, कारण जुन्या गाडीच्या कागदांवर नेहमीं भरंवसा ठेवतां येत नाहीं. गाडी रिकामी, सपाट जागीं, गिअर न्यूट्रलमध्यें. ज्या चाकांना हात लावावयाचा नाहीं त्यांच्यामागें-पुढें पक्के ठोकळे द्यावेत. मग ओढणाऱ्या आंसाची एकच बाजू जॅकनें उचलून खालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विश्वासून गाडीखालीं जाऊं नये. चाकावर एक खूण, लांब दांड्यावर एक खूण. उचललेलें चाक हातानें बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवावें, आणि दुसऱ्यानें दांड्याचे फेरे मोजावेत. एक चाक जमिनीवर अडलेलें असतें, म्हणून मोकळ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो. तुंब्यांत दंतचक्रें नसलेल्या साध्या आंसांत दांडा चार फेरे व वर थोडासा फिरला तर ४.११, पांचाला किंचित् कमी पडला तर ४.८८, सहाला थोडा कमी पडला तर ५.८६. नवी गाडी घेणारांनीं मागणीच्या कागदावरच आंसाचे दांते विक्रेत्याच्या हातानें लिहून घ्यावेत, आणि गाडी दारीं आली कीं हप्त्याचा पहिला धनादेश देण्यापूर्वीं खडू घेऊन खालीं बसावें.